संकलकाचा डावा हात

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत दिग्दर्शन, छायालेखन, संगीत यांच्या बरोबरीने 'संकलन' असा एक शब्द येतो. तो सुरुवातीला आला तर प्रेक्षक खुर्चीत नीट बसण्याच्या खटपटीत असतात आणि शेवटी आला तर चपला शोधण्याच्या. त्यामुळे संकलक नावाचा माणूस नेमके काय करतो हे पुष्कळांना ठाऊक नसते. चित्रित झालेल्या तुकड्यांपैकी कोणता ठेवायचा, तो कोठे कापायचा आणि त्याला काय जोडायचे हे ठरविणारा तो संकलक. पूर्वी हे काम मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंतच चाले. आज ते किन्हवलीच्या बाजारपेठेत, शहापुरात, सरळगावात, मुरबाडात, फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत चालते. तुळशीचे लग्न लागले आणि मुहूर्त सुरू झाले की या खोल्यांतले दिवे मध्यरात्रीपर्यंत जळतात. हळदीचे आणि लग्नाचे तासन्‌तास चित्रण समोर पडलेले असते, आणि त्यातून तासा-दीड तासाची फिल्म करून द्यावयाची असते. आपल्या महाविद्यालयातील काही विद्यार्थी हे काम करून फी भरतात. मीही त्यांतलाच.

प्रस्तुत लेखाचा विषय या कामाचे एक साधन आहे : ज्याच्या कळांना आपण हवे ते काम नेमून देऊ शकतो असा कळफलक. कला शाखेच्या वार्षिकात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. निबंधात कोणते वाक्य ठेवावे आणि कोणते काढावे याचा विचार आपण भाषेच्या तासाला करतो. तोच विचार चित्रांच्या बाबतीत करीत असताना आपले हात काय करीत असतात, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

आधी यंत्राबद्दल. संगणकाचा कळफलक अक्षरे पाठवितो असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. कळफलक पाठवितो ते कळीचे क्रमांक. त्या क्रमांकाचे अक्षर करण्याचे काम संगणक करतो. टंकलेखन यंत्राच्या बाबतीत असे नव्हते. गोदरेजने १९५५ साली पहिले भारतीय टंकलेखन यंत्र तयार केले आणि २००९ पर्यंत ही यंत्रे बनविली. त्या यंत्रात प्रत्येक कळीला एक लोखंडी दांडा जोडलेला असे आणि दांड्याच्या टोकाला अक्षराचा ठसा. 'क' ची कळ म्हणजे कायम 'क' चीच कळ. इंग्रजी टंकलेखनासाठी शेजारी दुसरे यंत्र ठेवावे लागे. संगणकात तो दांडा नाही, म्हणूनच कळीचे काम बदलता येते. प्रोग्रॅम करता येण्याजोग्या कळफलकात हा बदल खुद्द कळफलकातच साठवून ठेवलेला असतो. आत एक छोटी चिप असते, तिच्यात एक कोष्टक असते : अमुक कळ दाबली तर संगणकाला अमुक क्रमांक कळवावा. हे कोष्टक आपण लिहू शकतो. एका कळीला एकाच वेळी तीन कळा दाबल्याचे सोंग करावयास सांगता येते, किंवा एकामागून एक दहा कळा दाबावयास सांगता येते. या दुसऱ्या प्रकाराला मॅक्रो म्हणतात.

याशिवाय 'थर' नावाची एक सोय असते. आपल्या संगीतप्रेमी वाचकांना ती चटकन समजेल. स्केल चेंजर असलेल्या पेटीत पट्ट्या त्याच राहतात, पण खटका सरकविला की त्याच पट्टीखाली दुसरा सूर येतो. तसेच येथे. एक ठराविक कळ दाबली की बाकीच्या सर्व कळांचे अर्थ बदलतात. बारा कळांच्या छोट्या फलकावर चार थर केले तर अठ्ठेचाळीस कामे झाली. अर्थात ती ध्यानात राहिली पाहिजेत, आणि राहत नाहीत. माझा अनुभव असा की दोन थर बोटांत बसतात, तिसऱ्यासाठी विचार करावा लागतो.

'मेकॅनिकल' हा शब्द कळीच्या बांधणीशी संबंधित आहे. स्वस्त कळफलकात सर्व कळांखाली रबराची एकच चादर असते; कळ तळाला टेकल्याखेरीज तिची नोंद होत नाही आणि टेकली की नाही हे बोटाला नीट कळत नाही. मेकॅनिकल फलकात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो, त्यात स्प्रिंग आणि धातूच्या दोन पट्ट्या असतात. जर्मनीच्या चेरी या कंपनीने १९८० नंतरच्या दशकात काढलेला एम.एक्स. जातीचा स्विच हा या बाबतीतला जणू वस्तुपाठ. त्याची कळ एकूण ४ मिलिमीटर खाली जाते, पण नोंद मध्यावरच, २ मिलिमीटरवर होते. लाल जातीच्या स्विचला सुमारे ४५ ग्रॅम एवढा दाब पुरतो. निळ्या जातीचा स्विच नोंदीच्या क्षणी 'टिक्' असा आवाज करतो. रात्री घरातली माणसे झोपलेली असताना तो वापरू नये. चेरीच्या पेटंटची मुदत संपल्यानंतर चिनी कारखान्यांनी तशाच स्विचचे भरपूर उत्पादन सुरू केले आणि ही वस्तू आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आली.

आता हाताचा इतिहास थोडक्यात पाहू, कारण हे साधन एकाएकी उगवलेले नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली इंग्लंडहून कॅमेरा आणला, त्याबरोबर फिल्मच्या कडेला छिद्रे पाडण्याचे यंत्रही आणले. कारण कच्ची फिल्म बिनछिद्रांची येत असे. ते काम घरात अंधार करून चाले आणि त्यात सरस्वतीबाई फाळके यांचा मोठा वाटा होता. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला, तो अशा हातांनी भोके पाडलेल्या, धुतलेल्या, कापलेल्या नि चिकटविलेल्या फिल्मचा. पुढे १९२४ मध्ये अमेरिकेत मूव्हिओला हे संकलनाचे यंत्र निघाले. मग सपाट टेबलासारखी स्टीनबेक यंत्रे आली. त्यांत चित्र पुढे-मागे नेण्याचे काम एका हाताकडे असे. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात आणि सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने मिनिटाला ९० फूट फिल्म धावते. म्हणजे दोन तासांच्या चित्रपटासाठी १०,८०० फूट. एवढी फिल्म बोटांखालून जात असे आणि प्रत्येक कापाला ती खरोखरच कापावी लागत असे. १९८९ मध्ये ॲव्हिड कंपनीची संगणकीय संकलन-प्रणाली आली आणि कात्री गेली.

कात्री गेली, पण हात राहिले. संगणकाच्या संकलनात एक जुनी चाल रूढ झाली आहे आणि ती जवळजवळ सर्व प्रणालींत सारखी आहे. कळफलकावरची 'जे' ही कळ चित्र मागे नेते, 'के' थांबविते, 'एल' पुढे नेते. 'एल' पुन्हा दाबली तर वेग वाढतो. 'के' दाबून धरून 'एल' ला टिचकी मारली तर चित्र एकच फ्रेम पुढे सरकते. वरच्या ओळीतील 'आय' या कळीने तुकड्याची सुरुवात आणि 'ओ' ने शेवट खुणावता येतो. ज्यांनी टंकलेखनाच्या वर्गात बोटे घासली आहेत त्यांच्या ध्यानात येईल की 'जे' ही उजव्या हाताच्या तर्जनीची कळ आहे आणि न पाहता सापडावी म्हणून तिच्यावर एक बारीक उंचवटा असतो. स्टीनबेकच्या दांड्याचे काम या तीन कळांनी घेतले असे म्हणावयास हरकत नाही.

अडचण येते ती उंदरामुळे, म्हणजे माउसमुळे. उजवा हात माउसवर असतो. जे-के-एल उजव्या बाजूला. मग उजवा हात माउस सोडून कळांवर येतो, परत माउसवर जातो, आणि प्रत्येक वेळी डोळे पडद्यावरून खाली उतरतात. शिवाय एका नामांकित प्रणालीत 'येथपर्यंतचा भाग काढून टाक आणि पडलेली फट बुजव' या रोजच्या कामासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि चौकटी कंस अशा तीन कळा एकदम दाबाव्या लागतात. त्या दाबताना मनगटाची जी अवस्था होते ती मोदकाला कळ्या पाडणाऱ्या सुगरणीचीही होत नसेल. म्हणून पहिला उपाय असा : डाव्या हाताखाली बारा-पंधरा कळांचा एक छोटा फलक ठेवायचा आणि ही सर्व कामे तेथे आणावयाची. उजवा हात माउसवरून हलवायचाच नाही.

माझ्या फलकावर मधल्या ओळीत मागे, थांब, पुढे या तीन कळा आहेत. तर्जनीखाली 'थांब'. वरच्या ओळीत सुरुवातीची खूण, शेवटाची खूण, आणि 'हा तुकडा चांगला' अशी रंगीत खूण. खालच्या ओळीत 'अलीकडचे काढ', 'पलीकडचे काढ' आणि 'काप'. अंगठ्याजवळ थर बदलणारी कळ. कोपऱ्यात सर्वांत लांब 'साठव' ही कळ, कारण तिच्याकडे हात नेताना मिळणारी क्षणभराची विश्रांतीही उपयोगी असते. छोट्या फलकाच्या कळांवर उंचवटा नसतो. फेव्हिक्विकचा एक थेंब 'थांब' या कळीवर वाळवून मी तो करून घेतला आहे.

यामुळे वेळ किती वाचतो? येथे थोडा हिशेब केला पाहिजे, कारण विक्रेत्यांच्या जाहिरातींत या बाबतीत बरीच अतिशयोक्ती असते. समजा हळदीच्या एका फिल्ममध्ये ४०० काप आहेत आणि प्रत्येक कापामागे ४ सेकंद वाचले. एकूण १,६०० सेकंद, म्हणजे साडेसव्वीस मिनिटांच्या आसपास. दोन दिवसांच्या कामात अर्धा तासदेखील नाही. तेवढ्यासाठी कोणी हजारो रुपये खर्चावे असे मी म्हणणार नाही. खरा लाभ निराळा आहे आणि तो घड्याळात मोजता येत नाही. ४०० वेळा डोळे चित्रावरून खाली जाणार होते ते गेले नाहीत. नवऱ्या मुलाची आजी हळद लावताना हसता हसता एकदम गप्प होते, तो क्षण पाऊण सेकंदाचा असतो. डोळे खाली असले तर तो निसटतो, आणि तो निसटला हे आपल्याला कधी कळतही नाही.

यावरून एक तांत्रिक पण फार महत्त्वाची गोष्ट निघते. वॉल्टर मर्च हे नामवंत अमेरिकन संकलक. 'द इंग्लिश पेशंट' (१९९६) या चित्रपटासाठी त्यांना संकलनाचे ऑस्कर मिळाले. ते उभे राहून काम करतात. त्यांची पद्धत अशी की चित्र नेहमीच्या वेगाने धावू द्यायचे आणि जेथे तुटावे असे आतून वाटेल तेथे कळ दाबायची. मग पुन्हा पहिल्यापासून पाहून पुन्हा दाबायची. दोन्ही वेळा नेमकी तीच फ्रेम हाती आली तर काप बरोबर. म्हणजे येथे कळ ही निव्वळ आज्ञा देण्याची वस्तू राहत नाही. तबल्यावरची थाप समेवर पडावी तसे ते आहे. आपल्याकडे व्हिडिओ बहुधा सेकंदाला २५ फ्रेम या वेगाने संकलित करतात, तेव्हा एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. साधा कळफलक संगणकाशी दर ८ मिलिसेकंदांनी बोलतो, चांगला फलक दर १ मिलिसेकंदाने. या फरकाची चिंता करण्याचे कारण नाही. ४० पुढे ८ म्हणजे काहीच नव्हे.

चिंता आहे ती दुसरीकडे. प्रोग्रॅमच्या फलकात 'टिचकी मारली तर एक काम, दाबून धरली तर दुसरे' अशी एक मोहात पाडणारी सोय असते. एका कळीत दोन कामे! पण टिचकी की दाब हे ओळखण्यासाठी फलकाला थांबावे लागते. क्यू.एम.के. या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मोफत प्रणालीत ही मर्यादा मुळात २०० मिलिसेकंद ठेवलेली आहे, म्हणजे पाच फ्रेम. टिचकी असेल तर बोट उचलल्यावरच ती कळविली जाते. बोट कळीवर १०० मिलिसेकंद राहिले तर खूण अडीच फ्रेम उशिरा पडते. पुढच्या वेळी ६० राहिले तर दीड फ्रेम. हा उशीर दर वेळी सारखा असता तर मनाने वजा करता आला असता. तो बदलता असतो, आणि मर्च यांची कसोटीच मोडून पडते. आपली नजर चुकली की फलकाने उशीर केला हे कळायला मार्ग राहत नाही. तेव्हा सुरुवातीची खूण, शेवटाची खूण आणि काप या तीन कळा साध्या ठेवाव्या. त्यांत दुसरे काम कोंबू नये.

मराठी माणसाची म्हणून एक खास अडचण आहे, तिचा उल्लेख इंग्रजी पुस्तकांत सापडावयाचा नाही. फिल्मवर नावे मराठीत टाकावयाची असतात : वधू-वरांची, गावाची, 'शुभविवाह' अशी. त्यासाठी संगणकाचा कळफलक मराठीवर घ्यावा लागतो. इन्स्क्रिप्ट मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. 'जे' या जागी 'र' आहे, 'के' या जागी 'क' आणि 'एल' या जागी 'त'. नाव टाकून झाल्यावर मांडणी इंग्रजीवर आणावयास विसरले आणि चित्र पुढे नेऊ लागले, तर काही प्रणाली ती आज्ञा ओळखीत नाहीत. नावाची चौकट उघडी असेल तर वधूच्या नावापुढे त, त, त असे उमटत जाते. यावर उपाय म्हणजे छोट्या फलकावरील आज्ञा नुसत्या अक्षरांच्या ठेवू नयेत. कळफलकाच्या मानकात एफ-१३ पासून एफ-२४ पर्यंत बारा कळा आहेत, ज्या बहुतेक फलकांवर प्रत्यक्षात नसतात. त्यांचे क्रमांक मात्र पाठविता येतात. कोणत्याच भाषेत त्यांना अक्षर नसल्याने घोटाळा होत नाही. काही संकलन-प्रणाली त्यांना ओळखत नाहीत. तेथे कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट या तिन्हींसह एखादी कळ असे जोड वापरावे.

याच कारणाने मराठी शब्दाचा मॅक्रो करतानाही सावध असावे लागते. 'शुभविवाह' हा शब्द इन्स्क्रिप्टमध्ये श, उकार, भ, व, पहिली वेलांटी, व, काना, ह अशा आठ ठोक्यांचा. त्यांतले श आणि भ शिफ्टसह. फलकाला आपण 'शुभविवाह' शिकवीत नाही. शिफ्ट-एम, जी, शिफ्ट-वाय, बी, एफ, बी, ई, यू एवढेच शिकवितो. संगणक मराठीवर असेल तर त्यातून शुभविवाह होतो. इंग्रजीवर असेल तर एम-जी-वाय-बी-एफ-बी-ई-यू अशी आठ अक्षरे मंगल प्रसंगी पडद्यावर येतात. म्हणून मॅक्रोच्या आरंभी भाषा बदलण्याची आज्ञा, मग थोडा विराम, मग शब्द आणि शेवटी पुन्हा इंग्रजी, असा क्रम ठेवावा. विराम आवश्यक आहे. जुना संगणक सावकाश चालतो आणि फलक त्याच्यासाठी थांबत नाही; दोन ठोक्यांमध्ये ५० मिलिसेकंद ठेवले की बहुधा भागते.

खर्चाबद्दल दोन शब्द. तयार फलक विकत घेणे हा एकच मार्ग नाही. मुळीच खर्च करावयाचा नसेल तर ऑटोहॉटकी हे मोफत सॉफ्टवेअर विंडोज संगणकावर साध्या कळफलकाच्या कळांनाही नवी कामे नेमून देते; अंकांच्या कळा त्यासाठी सोयीच्या. स्वतः बनवावयाचा असेल तर रास्पबेरी पाय पिको नावाचा छोटा बोर्ड २०२१ पासून मिळतो आणि तो अगदी स्वस्त आहे. त्याला जोडण्यासाठी २६ पिना असल्याने बारा कळांसाठी डायोडचे जाळे विणावे लागत नाही : प्रत्येक स्विचचे एक टोक एका पिनेला, दुसरे टोक सर्वांचे मिळून ग्राउंडला. बोर्डावरील बटण दाबून धरून तो संगणकाला जोडला की पेनड्राइव्हसारखा दिसतो, क्यू.एम.के. वरून तयार केलेली फाइल त्यावर टाकली की फलक तयार. विज्ञान शाखेच्या मित्राकडून सोल्डरिंगची मदत घ्यावी. खोक्यासाठी मी सागाच्या फळीचा तुकडा वापरला आहे. आणखी एक फायदा असा की कोष्टक फलकातच राहत असल्याने तो कोणत्याही स्टुडिओत नेऊन लावता येतो. वीज गेली म्हणून आपण शिकविलेले तो विसरत नाही. आपल्या भागात हा फायदा लहान नव्हे.

आता ज्या मुद्द्यावर स्टुडिओत वाद होतो तो. मॅक्रोने एका कळीत वाटेल तेवढे काम भरता येते. तुकडा उचल, वेग कमी कर, सोनेरी रंग चढव, फुलांच्या पाकळ्या पाड, पुढच्या तुकड्यात विरघळव. एक कळ आणि हळदीचा 'इफेक्ट' तयार. मी ज्यांच्याकडे काम करतो ते दादा याच बाजूचे. त्यांचे म्हणणे, ''अरं, पार्टीला शनिवारी पेनड्राइव्ह पायजे. ती काय तुझं कापणं बघणार हाय? पाकळ्या बघणार.'' त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. हंगाम चार-पाच महिन्यांचा, त्यात दुकानाचे भाडे आणि कॅमेऱ्याचे हप्ते सुटावे लागतात. पार्टी पाकळ्यांचे पैसे देते हेही खरे. पण दहा लग्नांना तीच कळ दाबली की दहा लग्ने एकसारखी दिसू लागतात, आणि मग कोणाच्या घरी कोणाची फिल्म गेली तरी मांडवातली माणसे पाहिल्याशिवाय ओळखू येत नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल की तेथे कॅमेरा एका जागी स्वस्थ थांबतो, माणसे बोलतात, जातात, आणि तरी चित्र तुटत नाही. न कापणे हाही संकलकाचाच निर्णय असतो. त्या निर्णयाचा मॅक्रो होत नाही. हात जे यांत्रिकपणे करतो ते कळीला द्यावे, डोळ्यांनी ठरवावयाचे ते देऊ नये, असा विभाग मी माझ्यापुरता केला आहे. दादांच्या पाकळ्या तिसऱ्या थरावर आहेत. त्या मागितल्या की टाकतो.

या विभागाची खरी परीक्षा एका निराळ्या कामात झाली. ठाणे-रायगडकडच्या आगरी लग्नांत धवलारीण धवले गाते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. आता हळदीला डीजे आणि बेंजो आले, धवले म्हणणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या. एका लग्नाच्या चित्रणात अशा बाईंचे धवले जवळजवळ अखंड सापडले. कोणी ते मुद्दाम घेतले नव्हते. कॅमेरा तिवईवर चालू राहिला होता. लग्नाच्या फिल्ममध्ये त्याला दोन मिनिटेही जागा नव्हती. घरच्या मंडळींची परवानगी घेऊन मी ते मराठीच्या सरांना ऐकविण्यासाठी वेगळे काढू लागलो. तेव्हा ध्यानात आले की माझ्या फलकावरील सारी मांडणी या कामाच्या विरुद्ध आहे. बाई ओळ म्हणतात, थांबतात, सोबतच्या बाया ती उचलतात. मध्ये कोणी खोकते, हळदीची वाटी कोणाकडे आहे अशी विचारपूस होते, आणि पुढची ओळ तोच धागा पकडून येते. लग्नाच्या फिल्मचा हात या सर्व फटी आपोआप बुजवीत जातो. अलीकडे काही प्रणाली बोलण्यातले विराम स्वतःच शोधून एकदम काढून टाकतात. धवल्यातला विराम काढला की श्वास जातो. ओळ कोठे संपली आणि कोणी उचलली हे कळेनासे होते, आणि ज्याला ते गाणे पुढे शिकावयाचे असेल त्याच्या ते कामाचे राहत नाही.

म्हणून या कामासाठी चौथा थर केला. तिसरा थर बोटांना जड जातो असे वर म्हटले आहे; परंतु या थरावर ध्यानात ठेवण्यासारखे काही नाही. कोष्टकात कळ मोकळी सोडण्याचे दोन प्रकार आहेत. एक 'पारदर्शक', म्हणजे वरच्या थरावर काही नसेल तर खालच्या थरावरचे काम चालू राहते. दुसरा 'निष्क्रिय', म्हणजे कळ दाबली तरी काहीच होत नाही. धवल्याच्या थरावर मागे, थांब, पुढे आणि 'येथे ओळ सुरू होते' अशी रंगीत खूण, एवढ्या चारच कळा जिवंत आहेत. अंगठ्याची कळ थर बदलण्यापुरती. 'काप', 'अलीकडचे काढ', 'पलीकडचे काढ' या पारदर्शक न ठेवता निष्क्रिय केल्या आहेत. सवयीने बोट तिकडे जाते, कळ खाली जाते, स्प्रिंग तिला वर आणते, आणि बाईंचे गाणे पुढे चालू राहते.